एका तिकिटात दोघे

बालगंधर्व रंगमंदिरातले पहिले नाटक मी बाहेरून पाहिले. म्हणजे असे, की नाटक आत चालले होते आणि मी व माझा धाकटा भाऊ शेजारच्या संभाजी बागेत हिरवळीवर बसून खारे शेंगदाणे खात होतो. तरीसुद्धा ते नाटक मी पाहिले असेच मी आजवर सांगत आले आहे, आणि त्यात फारसे खोटे नाही. कारण त्याच रात्री ते नाटक पहिल्या अंकापासून शेवटच्या पडद्यापर्यंत आमच्या नारायण पेठेतल्या वाड्याच्या ओट्यावर पुन्हा एकदा झाले. नट दोनच होते. अर्धे नाटक आईने केले, उरलेले अर्धे अण्णांनी.

हे १९७१ साल असावे. मी नऊ वर्षांची होते आणि भाऊ सहा. अण्णा एका छापखान्यात जुळारी होते. दिवसभर उभे राहून खिळे जुळवायचे, आणि संध्याकाळी घरी आले की आधी बोटांना लागलेली शाई रॉकेलच्या बोळ्याने पुसायची, मग चहा. अशा घरात महिन्याला एका नाटकाचे एक तिकीट निघे, हेच मुळात नवल होते. दोन तिकिटे काढणे शक्यच नव्हते. पण आई सांगलीची. जिथे १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले, ज्या मातीत देवल आणि खाडिलकर झाले, त्या गावची माणसे पोटाला चिमटा घेतील पण नाटकाला घेणार नाहीत. आणि अण्णांचे म्हणाल तर त्यांनी आयुष्यात इतक्या नाटकांच्या जाहिराती जुळवल्या होत्या, की कुठल्या नाटकाचा प्रयोग कधी आणि कुठे आहे, हे त्यांना नाटकातल्या नटांच्या आधी कळत असे.

तेव्हा तोडगा निघाला तो असा. रविवारी दुपारच्या प्रयोगाचे एक तिकीट काढायचे. मध्यंतरापर्यंत एकाने बसायचे. मध्यंतरात बाहेर येऊन तिकिटाचा अर्धा तुकडा दुसऱ्याच्या हाती द्यायचा, मुले ताब्यात घ्यायची, आणि दुसऱ्याने आत जायचे. एका महिन्यात आईने पहिला भाग पाहिला, की पुढच्या महिन्यात अण्णांनी पहिला भाग पाहायचा. हिशेब चोख होता. दोघांच्या वाट्याला सारखीच सुरुवात आणि सारखाच शेवट यावा, अशी त्यात व्यवस्था होती.

अण्णा सचोटीचे, जवळजवळ त्रास होईल इतके सचोटीचे होते. पहिल्याच वेळी मध्यंतरात त्यांनी दारावरच्या माणसाला गाठून सारा प्रकार सांगून टाकला. आई बाजूला उभी राहून मेल्याहून मेली झाली होती म्हणे. त्या माणसाने तिकिटाचा तुकडा पाहिला, अण्णांच्या मागे उभ्या असलेल्या आम्हा दोघांना पाहिले आणि म्हणाला, “खुर्चीत एका वेळी एकच माणूस बसणार ना? मग झालं तर.” अण्णांनी हे वाक्य पुढे घरात म्हणीसारखे वापरले. दिवाळीत शेवटची चकली कोणी खावी, असा तंटा झाला, की ती मोडून दोघांच्या हातावर ठेवीत आणि म्हणत, “खुर्चीत एका वेळी एकच माणूस.” त्या वाक्याचा चकलीशी काय संबंध, हे आम्ही कधी विचारले नाही.

मला मात्र त्या वयात आत काय चालते, याची ओढ नव्हती. माझे सारे लक्ष बागेत. जंगली महाराज रस्त्यावरून पाहिले तर आधी बाग, मग तिच्याच अंगाला टेकून रंगमंदिर, आणि मागे मुठा नदी. लकडी पुलावरून चालत आम्ही येत असू. डेक्कनच्या कोपऱ्यावर वळले, की भावाचा चालण्याचा वेग वाढे. बागेतली झाडे त्या वेळी मला फार उंच वाटत. आताही ती उंचच आहेत, पण तेव्हा ती आभाळाला लागत. पावसाळ्यानंतरच्या दिवसांत हिरवळ इतकी ओली असे, की बसणाऱ्याच्या मागे सारा नकाशा उमटे. आई ओरडे, अण्णा ओरडत नसत. म्हणून पहिल्या भागात आई आत असावी आणि अण्णा आमच्याकडे, असे आम्हाला वाटे. दुसऱ्या भागात अंधार पडू लागे, तेव्हा आई हवी असे. मुलांचा स्वार्थ हा असा घड्याळाबरोबर फिरतो.

बागेत गडकऱ्यांचा पुतळा होता. राम गणेश गडकरी. अण्णा आम्हाला त्याच्यासमोर उभे करून म्हणायचे, “यांची वाक्यं जुळवायची म्हणजे खिळ्यांची केस रिकामी होते.” हा माणूस लांब वाक्ये लिहितो, एवढेच माझ्या डोक्यात शिरले होते. तेवढ्यात आतून कधी टाळ्यांचा आवाज आल्यासारखा वाटे, आणि अण्णा मान वळवून त्या इमारतीकडे पाहत. अमुक जागेला टाळी पडली असणार, असे ते पुटपुटत. मग पुन्हा आमच्याकडे वळून शेंगदाण्यांची पुडी उघडत.

नदीकडच्या बाजूला ते आम्हाला एकटे जाऊ देत नसत. १२ जुलै १९६१ या दिवशी पानशेतचे धरण फुटले, तेव्हा आमच्या वाड्यात पाणी शिरले होते. आईअण्णांच्या लग्नाला वर्षही झाले नव्हते. लग्नातली भांडी वाहून गेली, त्याचे दुःख आई अजून सांगते. अण्णांचे दुःख वेगळे होते. छापखान्यातल्या खिळ्यांच्या केसी चिखलाने भरल्या होत्या आणि कितीतरी दिवस सगळे जुळारी पाट्यात पाणी घेऊन एकेक अक्षर धूत बसले होते. “अख्खी बाराखडी नदीत बुडून वर आली,” असे ते सांगत. त्याच नदीच्या काठी, पुराला सव्वा वर्ष होते न होते तोच, या शहराने नाटकघराची कोनशिला बसवली. घरे अजून उभी राहत होती आणि इकडे नाट्यगृहाची तयारी! कोणाला हा वेडेपणा वाटेल. अण्णांना त्यात काही वावगे वाटले नाही. त्यांनी आईला ती बातमी वाचून दाखवली आणि म्हणाले, “आता आपल्याला लांब जायला नको.”

कोनशिला बसवायला खुद्द बालगंधर्व आले होते. दिवस ८ ऑक्टोबर १९६२. ज्यांनी १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत शकुंतला उभी केली, पुढे गंधर्व नाटक मंडळी काढली, ज्यांच्या साड्या आणि दागिने पाहून घरंदाज बायका आपली नेसण बदलत, ते नारायणराव राजहंस तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. पाय अधू झाले होते. एके काळी ज्यांच्या नुसत्या रंगभूमीवर येण्याने थिएटर भारून जाई, त्यांना आता माणसांनी सांभाळून न्यावे लागे. आपल्या नावाच्या वास्तूचा पहिला दगड त्यांनी बसवला, पण वास्तू पुरी झालेली त्यांना पाहायला मिळाली नाही. १५ जुलै १९६७ ला ते गेले. रंगमंदिर उघडले ते २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या जन्मदिवशी. म्हणजे त्यांनीही या नाटकाचा पहिला भागच पाहिला, असे आईचे म्हणणे आहे. आई असे काहीतरी बोलून जाते आणि मग पोळी लाटायला लागते.

वास्तू उभारताना पु. ल. देशपांड्यांनी जातीने लक्ष घातले होते, हे पुण्यात शेंबडे पोरही सांगेल, आणि वर आपणही त्या वेळी तिथे हजर होतो, असे भासवील. मला स्वतःला तिथली सर्वांत आवडती गोष्ट म्हणजे गोपाळ देऊसकरांनी काढलेली बालगंधर्वांची दोन तैलचित्रे. एकात ते पुरुषवेषात आहेत, दुसऱ्यात स्त्रीवेषात. लहानपणी अण्णांनी मला मध्यंतराच्या गर्दीतून आत नेऊन ती दाखवली. मी विचारले, “ही बाई यांची कोण?” अण्णा म्हणाले, “ते दोघं एकाच तिकिटात आलेत.” मला वाटते, अण्णांनी आयुष्यात केलेल्या विनोदांपैकी हा सर्वांत चांगला.

आता त्या ओट्यावरच्या प्रयोगांकडे येते. कारण खरे नाटक तिथेच होई.

रात्री जेवणे आटोपली, की वाड्यातली चारसहा माणसे आमच्या दारापुढल्या ओट्यावर जमत. ज्याने पहिला भाग पाहिला, तो सुरुवात करी. आई सांगे ती नकला करून. पात्र आत कसे आले, पदर कसा घेतला, कुठल्या पदाला किती वेळा पुन्हा म्हणायला लावले, सारे काही. गाणे आले, की ती हलक्या आवाजात गाऊनही दाखवी. अण्णा सांगत ते वाक्यांवर भर देऊन, मुद्रिते तपासणाऱ्याच्या थाटात. “इथे स्वल्पविराम घेतला त्यानं,” असे मध्येच म्हणत. मध्यंतर म्हणून सगळ्यांना बडीशेप मिळे. मग दुसरा सांगायला बसे. गंमत म्हणजे, ज्याने आधीचा भाग सांगितलेला असे, त्याला पुढचा भाग खरोखरच ठाऊक नसे. त्यामुळे आई ऐकताना जी डोळे मोठे करी, ते नाटक नव्हते.

आमच्या खाली एक बिऱ्हाड होते. नावे सांगत नाही. आम्ही त्यांना खालचे काका आणि खालच्या काकू म्हणत असू. काका पीत. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात रात्री उशिरा भांडी पडल्याचा आवाज येई, आणि आम्हा दोघांना आई कुशीत ओढून कानावर गोधडी घेई. दुसऱ्या दिवशी काकू नळावर डोक्यावरून पदर घेऊन येत, आणि कोणी काही विचारत नसे. आज मला त्या न विचारण्याचा राग येतो. पण तेव्हाच्या वाड्यांत माणसे एकमेकांची साखर मागत, चटके दिसले तरी बोलत नसत.

काकू आणि त्यांची माझ्या वयाची मुलगी नाटक ऐकायला न चुकता येत. ओट्याच्या खालच्या पायरीवर, भिंतीला टेकून बसत. आणि एका रविवारी प्रयोग होता ‘एकच प्याला’चा.

त्या नाटकाविषयी मराठी वाचकाला मी काय सांगावे! गडकरी २३ जानेवारी १९१९ ला गेले आणि त्यानंतर महिनाभराच्या आत गंधर्व नाटक मंडळीने बडोद्याला ते पहिल्यांदा रंगभूमीवर आणले. पदे गुर्जरांची. सिंधू केली बालगंधर्वांनी. भरजरी शालूंसाठी नावाजलेला तो नट सिंधूच्या दारिद्र्यात उभा राहिला आणि प्रेक्षक रडले, ही गोष्ट आईने तिच्या वडिलांकडून ऐकली होती.

त्या रविवारी पहिला भाग आईचा होता. तिने तळीराम असा काही उभा केला, की ओट्यावर हसून हसून लोकांच्या पोटात दुखले. आर्यमदिरामंडळाच्या सभेतला गोंधळ तिने एकटीने चार आवाजांत करून दाखवला. सुधाकराची सनद गेली, त्याने पहिला पेला घेतला, इथवर येऊन ती थांबली. बडीशेप फिरली. आता अण्णा सरसावून बसले.

अण्णांनी पुढचे सांगितले ते मला शब्दन्‌शब्द आठवते. सिंधूने जात्यावर दळले. मुलाला जवळ घेतले. सुधाकर झिंगून घरी आला आणि त्याने काठी उचलली. ओट्यावर चिडीचूप झाले. भाऊ आईच्या मांडीत शिरला. आणि मग अण्णा म्हणाले, “तेवढ्यात त्याला त्या लेकराचा चेहरा दिसला. काठी गळून पडली. पेला उचलला आणि त्यानं तो उंबऱ्यावर फोडला. दुसऱ्या दिवशी सुधाकर काळा कोट घालून कोर्टात गेला.” क्षणभर कोणी बोलले नाही. वाड्यातल्या एका आजोबांनी तोंड उघडले होते, पण आईने त्यांच्यापुढे पुन्हा बडीशेपेची वाटी धरली. मग ती म्हणाली, “बरं झालं बाई.” आणि प्रयोग संपला.

पुढे कॉलेजात गेल्यावर मी ते नाटक वाचले. काठी गळून पडत नाही. मूल जाते, सिंधू जाते, शेवटी सुधाकरही विष घेऊन जातो. मी तणतणत घरी आले. मला फसवले गेल्यासारखे वाटत होते. त्या वयात माणसाला शोकांतिकेवर आपला हक्क आहे असे वाटते. अण्णा मुद्रिते वाचीत बसले होते. त्यांना मी पुस्तक दाखवले. त्यांनी चष्मा कपाळावर केला, पान पाहिले आणि म्हणाले, “असेल बाई. आमच्या प्रयोगात तसं झालं नव्हतं.” एवढे बोलून पुन्हा कामाला लागले. आम्ही लहान होतो, घाबरू नये म्हणून त्यांनी शेवट बदलला, असा अर्थ मी लावला, आणि पुढे चाळीस-पंचेचाळीस वर्षे तोच धरून बसले.

दिवस पालटले. भावाला नोकरी लागली, मी शाळेत शिकवू लागले. माझ्या पहिल्या दिवाळीच्या बोनसातून मी आईअण्णांना दोन तिकिटे काढून दिली. शेजारशेजारची, खालच्या मजल्यावरची, चांगल्या रांगेतली. आईने ठेवणीतले लुगडे काढले. अण्णांनी टोपी धुऊन घेतली. पहिल्यांदाच ती दोघे तिसरी घंटा एकत्र ऐकणार होती. रात्री आम्ही वाट पाहत बसलो होतो. दोघे आली, हातपाय धुतले, पाणी प्यायली. मी विचारले, “कसं झालं?” आई म्हणाली, “छान झालं.” अण्णा म्हणाले, “हो, छान.” मग दोघे एकमेकांकडे पाहू लागली. सांगणार कोण आणि कोणाला? दोघांनी सगळे पाहिले होते. त्या रात्री आमच्या घरात जितकी शांतता होती, तितकी कधीच नव्हती. पुढच्या वेळी दोन तिकिटे काढू का, असे मी विचारले तर अण्णा म्हणाले, “नको. मध्यंतरात मला बागेत जायची सवय आहे. तिथे बसलं म्हणजे पाय मोकळे होतात.” पाय बसल्याने कसे मोकळे होतात, ते त्यांनाच ठाऊक.

अण्णा जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. त्यांच्या मागे काय काय घडले, ते त्यांनी पाहिले नाही, तेच बरे. २०१७ च्या जानेवारीत एका रात्री काही लोकांनी बागेतला गडकऱ्यांचा पुतळा उखडून मुठेत टाकला. ‘राजसंन्यास’ या त्यांच्या अपुऱ्या राहिलेल्या नाटकावरून तो राग होता. त्यावर तावातावाने पुष्कळ लिहून झाले आहे, त्यात मी भर घालीत नाही. आईने वर्तमानपत्र वाचले, घडी करून ठेवले आणि म्हणाली, “यांची अक्षरं पूर्वी एकदा त्याच नदीतून वर काढली होती.” नंतर पुतळा पाण्यातून शोधून काढला, ते वाचले तेव्हा मात्र काही बोलली नाही. पुढच्या वर्षी, म्हणजे रंगमंदिराला पन्नास वर्षे झाली त्याच वर्षी, ते पाडून नवे बांधण्याचा बेत पुढे आला. नट आणि रसिक विरोधात उभे राहिले, बेत मागे पडला, २०२२ मध्ये पुन्हा डोके वर काढले, पुन्हा विरोध झाला. नवे नको असे मी म्हणत नाही. पायऱ्या चढताना आता माझेही गुडघे बोलतात. पण आईचे वय शहाऐंशी. दर वेळी अशी बातमी आली, की ती विचारी, “पाडलं का गं?” जणू कोणी नात्यातले माणूस अंथरुणाला खिळले आहे आणि ही फोनवर चौकशी करते आहे.

म्हणून गेल्या दिवाळीत ठरवले, की आईला घेऊन जायचेच. बरोबर माझी मुलगी आणि सात वर्षांचा नातू. कोथरूडहून मेट्रोने निघालो. आईने मेट्रोत पाऊल टाकले ते नदीत टाकावे तसे, अंदाज घेत. लकडी पूल खिडकीतून दिसला तेव्हा तिने नमस्कार केला. का केला, ते मी विचारले नाही. संभाजी उद्यानाचे स्टेशन नदीकाठी उंचावर आहे, आणि त्याचे छप्पर पगडीसारखे केले आहे. आईने वर पाहिले आणि म्हणाली, “पुणेकर आहे खरं.”

बागेत दिवाळीचे किल्ले मांडले होते. दर वर्षी मुले तिथे मातीचे किल्ले करतात. सिंहगड, राजगड, प्रतापगड. बुरूज, तळी, अळिवाची उगवलेली हिरवळ, आणि वाटेवर चालून जाणारे मातीचे मावळे. नातू त्यात जो शिरला तो बाहेर येईना. त्याला नाटकात तीन तास बसवणे शक्य नव्हते, हे आम्हाला आधीच कळायला हवे होते. शेवटी माझी मुलगी म्हणाली, “मी थांबते याच्याजवळ. तुम्ही दोघी जा. मध्यंतरात बघू.”

आई आणि मी आत गेलो. तिला जागेवर बसवले. तिसरी घंटा झाली, दिवे मंदावले, आणि आईने माझा हात धरला. तो पहिला भाग मी फारसा पाहिला नाही. आईकडेच पाहत होते. नाटक अगदी अलीकडचे होते. चांगले होते. माझ्या पुढच्या रांगेतल्या गृहस्थांना आपल्या मोबाइलवर कोणाचा तरी फराळ पाहायचा होता, तोही आम्ही पाहिला. मध्यंतराचे दिवे लागले, तशी आई उठली. म्हणाली, “चल, पोरीला आत पाठवू.”

“अगं, आपल्याकडे तीन तिकिटं आहेत,” मी म्हणाले. “तिचंही काढलंय.”

“असू दे. मुलाजवळ कोणी बसायचं?”

काही इलाज नव्हता. तिला धरून मी बागेत आणले. अंधार पडला होता, किल्ल्यांवर पणत्या लावल्या होत्या. जुन्या पुतळ्याच्या बाजूला ती गेली नाही, या बाजूच्याच एका बाकावर बसली. पाचदहा मिनिटे होती. मी तिला बटाटेवडा आणून दिला. तो फुंकून फुंकून खाताना तिला काय आठवले, कोण जाणे. म्हणाली, “इथंच कुठंसं बसून त्यांनी मला सांगितलं होतं.”

“काय?”

“‘एकच प्याला’चं. प्रयोग संपून बाहेर आले. तुम्ही पोरं पुढे धावत होता. मला म्हणाले, आज शेवट मी वेगळा सांगणार आहे, तू मध्ये बोलू नकोस. म्हटलं, अहो, सगळ्या जगाला ठाऊक आहे. तर म्हणाले, जगाला असेल. ती पायरीवर समोर बसते आणि तिची पोर शेजारी. तिच्या तोंडावर सिंधूला मारायचं मला जमणार नाही.”

मी काही बोलले नाही. इतक्या वर्षांत मला ती खालची पायरी दिसलीच नव्हती. मला वाटत होते, ओट्यावर घाबरण्यासारखी आम्ही दोनच मुले होतो.

“मग काकांनी…” मी विचारले.

“छे गं. त्यानं कुठला पेला फोडला! पुढच्या महिन्यात पुन्हा भांडी पडली. पण त्या रात्री हे उठले आणि खाली गेले. दार वाजवलं. त्याआधी कधी गेले नव्हते. वाड्यातलं कोणीच गेलं नव्हतं. हे गेले म्हटल्यावर समोरचे आजोबा गेले, मग कोणी कोणी. नंतर ती पोरीला घेऊन भावाकडे गेली ती परत आलीच नाही. हडपसरला होती पुष्कळ वर्षं. पापड करायची. आपल्याकडे दिवाळीला यायचे ते पोह्याचे पापड तिचेच.”

ते पापड मी कितीतरी दिवाळ्यांत खाल्ले होते. ते विकतचे आहेत, अशी माझी समजूत होती.

तेवढ्यात मुलगी घाईघाईने आली. “आई, घंटा होतेय. चल ना!” आई म्हणाली, “जा गं तू. नीट बघ. मला सगळं सांगायचंय तुला.” तिने नातवाला हाक मारली, तो चिखलाचे हात घेऊन आला आणि बाकावर तिच्या शेजारी चढला. मी मागे वळून पाहिले तेव्हा ती त्याला इमारतीकडे बोट दाखवून काहीतरी सांगत होती.

दुसरा भाग मी मन लावून पाहिला. कित्येक वर्षांत इतक्या लक्षपूर्वक नाटक पाहिले नव्हते. कोण कुठून आले, पाठ करून वाक्य कोणी म्हटले, टाळी कुठे पडली, सारे ध्यानात ठेवीत होते. शेवट वाईट होता. नाटकातला म्हातारा घर सोडून जातो आणि त्याला शोधायला कोणीही जात नाही. पडदा पडला. टाळ्या झाल्या. मुलीने डोळे पुसले.

बाहेर आलो. बागेचा रखवालदार शिट्टी वाजवत फिरत होता. आई बाकावरच होती. नातू तिच्या मांडीवर डोके ठेवून आडवा झाला होता, पण जागा होता. त्यांच्या बाजूला किल्ल्यांजवळची आणखी दोन मुले येऊन बसली होती, आणि बाकाच्या टोकाला एक म्हातारे गृहस्थ काठीवर हनुवटी टेकून ऐकत होते. आईने त्यांना पहिला भाग सांगून टाकला होता.

“आली बघा,” आई त्यांना म्हणाली. मग मला विचारले, “काय झालं गं त्या म्हाताऱ्याचं? मिळाला का?”

मुलीने माझ्याकडे पाहिले. काठीवाले गृहस्थही पाहू लागले. रखवालदाराची शिट्टी जवळ येत होती.

“सांगते,” मी म्हणाले, “जरा सरकून बस.”